भिंतीच्या आत उबुंटू, भिंतीबाहेर विंडोज

नागपूरला सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात अनेकांचं कधी ना कधी काम पडतं, पण तिथली एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांत २००७ पासून ई-कोर्ट्स प्रकल्प राबवला गेला, आणि त्याने मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली. न्यायाधीशांपासून लिपिकांपर्यंत सगळ्यांना उबुंटू लिनक्सवर काम करायचं प्रशिक्षण दिलं गेलं. खटल्यांच्या नोंदी सांभाळणारा सीआयएस हा प्रोग्राम एनआयसी या सरकारी संस्थेच्या पुणे केंद्राने तयार केला. हे झालं भिंतीच्या आतलं. बाहेर टेबल टाकून बसलेला टायपिस्ट प्रतिज्ञापत्र टाइप करतो ते विंडोजवर, कृतिदेव फॉन्टमध्ये. आतही मराठी कागद आणि बाहेरही मराठी कागद, तरी संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी.

यातलं चूक कोण? कुणीच नाही. आतल्यांना ज्या एका प्रोग्रामशिवाय चालत नाही, तो लिनक्सवर व्यवस्थित चालतो. बाहेरच्याची बोटं ज्या कळफलकावर वीस वर्षं बसली आहेत, तो त्याला विंडोजवर आयता मिळतो. ‘कोणती सिस्टीम चांगली?’ असं मला कुणी विचारलं की मी हाच उलट प्रश्न करतो: तुमचं कशावाचून अडतं? त्या एका प्रोग्रामचं नाव सांगा, सिस्टीम तोच ठरवतो. आमच्या घरात हा प्रश्न एकाच महिन्यात तिघांनी विचारला आणि तिघांची उत्तरं तीन निघाली. म्हणून हे जरा तपशिलात लिहितो आहे.

त्याआधी ऑपरेटिंग सिस्टीम करते काय, ते पाहू. नागपूर स्टेशनजवळ दिल्ली–चेन्नई आणि मुंबई–हावडा हे दोन मोठे मार्ग एकमेकांना छेदतात. ते डायमंड क्रॉसिंग आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. तिथे कुठलीही गाडी आपल्या मर्जीने पुढे जात नाही. सिग्नल मिळाला की जाते, नाही मिळाला की थांबते. संगणकातही असंच आहे. ब्राउझर, गाणं, गेम, अँटिव्हायरस या सगळ्यांना प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क एकाच वेळी हवी असते. कुणाला किती वेळ रूळ मोकळा द्यायचा, हे ठरवणारी केबिन म्हणजे सिस्टीमचा गाभा. त्याला कर्नल म्हणतात. प्रोग्रामला हार्डवेअरला थेट हात लावता येत नाही. त्याला कर्नलकडे अर्ज करावा लागतो.

सगळी गोम या अर्जाच्या भाषेत आहे. प्रोसेसर तोच, इंटेलचा किंवा एएमडीचा. त्याला कळणाऱ्या आज्ञाही त्याच. पण विंडोजकडे अर्ज करायची पद्धत वेगळी आणि लिनक्सकडे करायची वेगळी. म्हणून विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम त्याच मशीनवर लिनक्समध्ये उघडायला गेलं की अडतो.

पहिला प्रश्न भाच्याचा. तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सीताबर्डीतून सुटे भाग आणून त्याने स्वतः पीसी जोडला आहे. त्याने विचारलं, “मामा, लिनक्स टाकलं तं गेम फास्ट चालते काय?” मी विचारलं, “कोणता गेम?” तो म्हणाला, “व्हॅलोरंट. आन् थोडे स्टोरीवाले.” या एका वाक्यात दोन वेगळी उत्तरं दडलेली होती.

स्टोरीवाल्यांचं आधी. पडद्यावर चित्र रंगवायला गेम ग्राफिक्स कार्डाकडे जी मागणी करतो, ती विंडोजवर डायरेक्टएक्स नावाच्या व्यवस्थेतून जाते. मायक्रोसॉफ्टने ती १९९५ मध्ये आणली आणि तेव्हापासून गेम लिहिणाऱ्यांनी तीच धरली, कारण गिऱ्हाईक तिथेच होतं. २०२५ च्या अखेरीसही स्टीम या गेमच्या दुकानाच्या मासिक पाहणीत शंभरातले पंचाण्णवच्या आसपास खेळाडू विंडोजवर होते आणि लिनक्सवर जेमतेम तीन. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा भारतीय पुराणकथांवरचा सुंदर गेम आणला, तो पीसीवर विंडोजसाठी. मोजक्या माणसांच्या बळावर उभ्या राहिलेल्या स्टुडिओने शंभरातल्या दोघा-तिघांसाठी वेगळी आवृत्ती बांधावी, अशी अपेक्षा धरता येत नाही.

मग हे गेम लिनक्सवर चालतात कसे? इथे पुन्हा कचेरीच्या भिंतीकडे जावं लागेल. पूर्वी लिहितावाचता न येणारा शेतकरी अर्जनवीसासमोर बसून आपली हकिगत आपल्या बोलीत सांगायचा, आणि अर्जनवीस ती कचेरीच्या भाषेत उतरवून द्यायचा. वाइन हा १९९३ पासून घडत आलेला मुक्त प्रोग्राम तेच काम करतो. विंडोजचा प्रोग्राम आपल्या भाषेत मागणी करतो, वाइन ती तिथल्या तिथे लिनक्सच्या भाषेत मांडतो. तो संगणकाच्या पोटात दुसरा खोटा संगणक उभा करत नाही, फक्त अर्ज लिहून देतो. म्हणूनच वेग फारसा घटत नाही. स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये वाइनच्या आधाराने प्रोटॉन आणलं. त्यातला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्सच्या मागण्या व्हल्कन या खुल्या ग्राफिक्स भाषेत बदलतो. २०२२ च्या फेब्रुवारीत आलेला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा संगणक आतून लिनक्सच आहे आणि त्यावरचे बहुतेक गेम विंडोजसाठी लिहिलेले आहेत. काही गेम तर या अनुवादातून मूळच्याहून सुरळीत चालले. उलट एनव्हिडियाचं कार्ड आणि डायरेक्टएक्स १२ चा नवा गेम अशी जोडी असली, तर लिनक्सवर थोडे फ्रेम गमवावे लागतात. तेव्हा भाच्याच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जवळजवळ तेवढाच फास्ट, कधी थोडा कमी, क्वचित जास्त. एकट्याने खेळायच्या कथेच्या गेमसाठी विंडोजची सक्ती आता उरलेली नाही, आणि ही दहा वर्षांतली मोठी घडामोड आहे.

व्हॅलोरंट मात्र चालतच नाही. “काहून?” भाचा चिडला.

कारण तिथे अनुवादाचा प्रश्नच नाही, प्रश्न विश्वासाचा आहे. पाच विरुद्ध पाच अशा स्पर्धेच्या गेममध्ये कुणी भिंतीपलीकडचं दाखवणारा चोरटा प्रोग्राम लावला, तर खेळाचा जीवच जातो. तो पकडायला रायट कंपनीने २०२० मध्ये व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड आणलं. हा पहारेकरी बाकी प्रोग्रामांसारखा प्लॅटफॉर्मवर उभा राहत नाही, थेट सिग्नल केबिनमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये जाऊन बसतो. तोही गेम उघडल्यावर नाही, संगणक सुरू होतानाच. विंडोज ११ वर तो टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन सोयी चालू असल्याशिवाय गेम उघडू देत नाही. लिनक्समध्ये केबिन मालकाची असते. कुणीही कर्नलचा मूळ मजकूर घेऊन, बदलून, पुन्हा बांधून वापरू शकतो, आणि हेच त्याचं सौंदर्य आहे. पण ज्याची केबिनच मालकाने स्वतः बांधली आहे, तिथल्या पहाऱ्यावर गेम कंपनीने भरवसा कसा ठेवायचा? म्हणून व्हॅलोरंट नाही, फोर्टनाइट नाही. एपेक्स लेजेंड्स काही काळ लिनक्सवर चालत होता, २०२४ च्या ऑक्टोबरअखेर त्याच्या कंपनीने तो दरवाजा बंद केला. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांची मात्र लिनक्ससाठी स्वतःचीच आवृत्ती आहे, कारण ते वॉल्व्हचेच.

केबिनमध्ये परक्याला बसवणं म्हणजे काय, हे जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल अपडेटमधून आली. ते सॉफ्टवेअर कर्नलमध्ये बसणारं होतं, त्यामुळे एका प्रोग्रामची चूक त्या प्रोग्रामपुरती राहिली नाही. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडच्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. हे सांगण्यामागे भाच्याला घाबरवायचा हेतू नव्हता. पण ज्या पीसीवर असा पहारेकरी बसवायचा, त्यावर वडिलांचं नेटबँकिंग आणि घरची कागदपत्रं ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते मी त्याला ठासून सांगितलं.

पोरं सिस्टीम बदलतात ती अनेकदा चुकीच्या दुखण्यावर. उदाहरणार्थ पिंग, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद. सर्व्हर मुंबईत आहे असं धरू. नागपूर ते मुंबई हवाई अंतर सातशे किलोमीटरच्या घरात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन निव्वळ अंतराचे ७ मिलिसेकंद लागतात. पिंग ६० दिसत असेल तर उरलेला वेळ केबलच्या वळणांत, कंपनीच्या जंक्शनांत आणि मुख्यतः घरच्या वायफायमध्ये जातो. विंडोज काढून लिनक्स टाकल्याने यातला एकही मिलिसेकंद वाचत नाही. राउटरपासून पीसीपर्यंत साधी लॅनची वायर ओढली तर वाचू शकतो.

दुसरं दुखणं आपल्या उन्हाचं. चिप साधारण ९५ ते १०० अंशांपर्यंत तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते आणि गेम अडखळू लागतो. चिप किती गार होईल, हे तिच्या आणि खोलीतल्या हवेच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. खोली २५ अंशांवर असेल तर हा फरक ७० चा. मे महिन्यात दुपारी वरच्या मजल्यावरची खोली ४० वर गेली की तोच ५५. त्याच पंख्याने आता जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी उष्णता बाहेर पडते. जानेवारीत मस्त चालणारा गेमिंग लॅपटॉप नागपुरात मे महिन्यात का रडतो, त्याचं कारण हे आहे, विंडोजचं अपडेट नव्हे. अशा दिवसांत गेममधली फ्रेमची मर्यादा ६० वर बांधावी, आणि कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर घेऊ नये.

विंडोजमध्येच करण्यासारखंही एक आहे. विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाचं संरक्षण असतं आणि त्यामुळे काही गेम थोडे मंदावतात. खेळताना ते बंद करायचा पर्याय मायक्रोसॉफ्टनेच सांगितला आहे, मात्र खेळून झालं की पुन्हा चालू करा असंही सोबत बजावलं आहे. दुसरी अट कुणाला आठवत नाही.

दुसरा प्रश्न दादाचा. त्याचं इतवारीत ठोक किराण्याचं दुकान आहे. तो दोन मिनिटांत सुटला. त्याचं अडतं टॅलीवाचून, आणि टॅली विंडोजचा प्रोग्राम आहे. कर सल्लागाराला फाइल पाठवायची ती टॅलीची, मुनीमजींना येतं ते टॅली. तिथे लिनक्सचे गोडवे गाणं म्हणजे त्याच्या धंद्यात खोडा घालणं. आधारसाठी अंगठा घेणारी यंत्रं, काही जुने लेझर प्रिंटर, अशा वस्तूंचंही हेच. त्यांचे ड्रायव्हर बहुतेक विंडोजसाठीच बनलेले असतात. मी त्याला एकच गोष्ट बदलायला लावली. दुकानातल्या पीसीवर कुणीतरी ‘टाकून दिलेलं’ विनापरवाना विंडोज होतं. ज्याच्यावर साऱ्या धंद्याचा हिशेब आहे, त्या मशीनचं कुलूप अनोळखी माणसाने फोडून दिलेलं असावं, हे मला पटत नाही. परवाना घ्यायचा नसेल तर लिनक्स फुकट आहे, आणि विंडोजच हवं असेल तर पैसे मोजावेत.

मॅकबद्दलही कुणी ना कुणी विचारतंच. ॲपलने २०१९ मध्ये जुने ३२-बिट प्रोग्राम चालवणं बंद केलं आणि २०२० पासून स्वतःच्या चिप आणल्या. लॅपटॉप गार राहतो, बॅटरी दिवसभर पुरते, व्हिडिओचं काम उत्तम होतं. खेळासाठी म्हणून तो घेऊ नये.

तिसरा प्रश्न बाबांच्या संगणकाचा. खरं तर या लेखाचं मूळ तोच आहे.

बाबा सरकारी कचेरीतून लिपिक म्हणून निवृत्त झाले. त्यांचा पीसी २०१६ चा, त्यावर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेची अपडेट देऊ केली, एवढंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, जो २०१७ च्या उत्तरार्धात यायला लागला. म्हणजे बाबांचा सुस्थितीतला संगणक कागदोपत्री बाद. पेपर वाचणं, पेन्शनची स्लिप काढणं, भजनं ऐकणं आणि मराठीत लिहिणं, एवढ्यासाठी चांगलं यंत्र भंगारात द्यायचं?

त्याला मी एसएसडी बसवली. फिरत्या हार्ड डिस्कला एकेक तुकडा शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याचा शंभरावा भागही पुरतो. जुना संगणक ‘हँग होतो’ म्हणतात तेव्हा बहुधा हीच डिस्क धापा टाकत असते. मग लिनक्स मिंट टाकलं. त्याची २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत अपडेट घेत राहील. टाकण्याआधी तीन दिवस पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहिलं. डिस्कला हात न लावता लिनक्स असं चालवता येतं, आणि प्रिंटर, वायफाय, आवाज जमतं की नाही ते कळतं. ही सोय न वापरता थेट फॉरमॅट मारणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

भीती होती ती मराठीची. बाबांनी उमेदीची वर्षं रेमिंग्टनच्या कळफलकावर काढली. कृतिदेवची मांडणी त्याच टाइपरायटरवरून घेतलेली, म्हणून ते आणि कोर्टाबाहेरचे टायपिस्ट कृतिदेव सोडत नाहीत. पण कृतिदेव ही एक वेषांतराची युक्ती आहे. आपण ‘काम’ टाइप करतो, डोळ्यांना ‘काम’ दिसतं, पण संगणकाने साठवलेली असतात ती इंग्रजीची डी, के आणि ई ही तीन अक्षरं. फक्त त्यांना मराठी अक्षरांचे मुखवटे चढवलेले असतात. ज्या संगणकावर हा फॉन्ट नाही तिथे मुखवटे गळून पडतात आणि पानभर अर्थहीन इंग्रजी अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ‘क’ ला स्वतःचा क्रमांक आहे, जगातल्या कुठल्याही फोनवर, कुठल्याही सिस्टीमवर तो ‘क’ च राहतो. सरकारी इनस्क्रिप्ट मांडणी त्यासाठी उत्तम आहे आणि नव्याने शिकणाऱ्याने तीच शिकावी. पण सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बोटांना नवी वाट शिकवायची कशी?

शिकवावी लागली नाही. लिनक्समध्ये आयबस नावाची सोय असते, तीत हिंदीसाठी म्हणून रेमिंग्टनची मांडणी मिळते. बोटं जुन्याच जागी पडतात, उमटतं ते युनिकोड. हे विंडोजवरही करता आलं असतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सिस्टीम बदलायच्या निमित्ताने ते एकदाचं झालं.

भाच्याच्या पीसीवर शेवटी दोन्ही आहेत. एका एसएसडीवर व्हॅलोरंटपुरतं विंडोज ११, दुसरीवर अभ्यासाला आणि कथेच्या गेमना उबुंटू. सुरू करताना कुठे जायचं ते विचारलं जातं. करण्यापूर्वी त्याने विंडोजच्या बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवली आणि फास्ट स्टार्टअप बंद केलं. तरी दुसऱ्या दिवशी फोन आला. “मामा, विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं गेलं नं!” यातले साडेपाच तास तेवढे खास भारतीय. मदरबोर्डवरचं घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर लावतं, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं, आणि आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. लिनक्सला ‘स्थानिक वेळ ठेव’ अशी एक ओळीची आज्ञा दिली की भांडण मिटतं.

बाबांच्या जुन्या आठवणींची कृतिदेवमधली दोनशे पानं आम्ही युनिकोडमध्ये बदलून घेतली. जोडाक्षरांत काही ठिकाणी रफार घसरले होते, ते त्यांनी आठवडाभर बसून दुरुस्त केले. मग मी त्यांना फाइलमध्ये शब्द शोधायची चौकट दाखवली. त्यांनी थोडा विचार केला आणि आईचं नाव टाइप केलं. पानं सरकली, नावावर पिवळा पट्टा उमटला. ते पुढच्या उल्लेखावर गेले, मग त्याच्या पुढच्या. त्या दुपारी बाबांनी चहा मागितला नाही.